अधिक बरोबर

सोमवार, ४ तारीख

चिरंजीव,

आशीर्वाद आहेतच. एकदा दिलेले परत घेता येत नाहीत, म्हणून आहेत. बाकी या पत्रात गोड काही नाही, तेव्हा उभ्या उभ्या वाचू नकोस. बस आणि वाच.

फोन करत नाही, कारण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू म्हणतोस, 'बाबा, ओरडू नका.' तोवर मी ओरडत नसतो. ते ऐकलं की ओरडायला लागतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

परवा संध्याकाळी तू आईशी जे बोललास ते मी ऐकलं. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. हल्ली ती तसाच ठेवते, सगळ्या गल्लीला आपलं घर ऐकवते. मी मोरीत हातपाय धूत होतो. तुझा आवाज भिंतीतून आला, 'अधिक बरोबर. अगं आई, अधिक बरोबर! बाबांनाही सांग.' दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा तर दात चावून.

वा रे वा! फोन कशासाठी केला होता? तर तुझ्या त्या डबीसाठी. विजेचा झटका बसून उबवणीच्या पेटीवरची, आपोआप ऊब राखणारी तुझी डबी कोरी झाली. खटपट्या वायरमन आला, त्याने डबी जिवंत केली, पण म्हणाला, 'आतला मजकूर गेला काका, तो पुन्हा भरा.' मजकुराचा कागद तू भिंतीला चिकटवून गेला होतास. नेमका पाण्याच्या परातीवर! वाफेने मधली एक ओळ धुऊन गेली. तेवढी एक ओळ विचारायला आईने तुला फोन लावला. ओळ सांगायला कितीसा वेळ लागतो? ती सांगून झाली आणि मग तुझं जुनं सुरू झालं. बाप बरोबर असेल, पण मी अधिक बरोबर.

मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं मराठी मला कळतं.

मी ओले पाय तसेच घेऊन अंगणात निघून गेलो. आईने एकटीने ती ओळ भरली. तिने उभं आयुष्य कचेरीत टंकलेखन केलंय, तिला बटणं सापडतात.

आणि विषय निघालाच आहे तर मागचंही लिहितो. ही डबी बसवलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो? एवढंच, की मग माझं काय काम? तुझ्या जन्माआधीपासून मी अंडं पापणीला लावून ऊब ओळखतो. तू उत्तर दिलं नाहीस. बॅग उचललीस आणि फाटकाजवळ आईपाशी निरोप ठेवलास, 'बाबांना आता आराम करू दे.' तिने तो आत येऊन मला सांगितला, शब्दाला शब्द. म्हणजे काय, तर म्हातारा झाला, बाजूला बसवा. फळ्यावरचं पुसावं तसं मला पुसलंस आणि तिथे डबी लिहून ठेवलीस.

पेटीत अंडी शुक्रवारी भरली आहेत. पेटी गच्च आहे. आज सकाळी मला ती गार वाटली. काळजीत आहे.

तुझा, नावापुरता का होईना,
बाप

बुधवार, ६ तारीख

चिरंजीव,

पेटी गार आहे! वाटते वगैरे नाही, आहे.

काल तू फोन केलास आणि आईला विचारलंस, ती म्हणाली सगळं ठीक आहे. मी बाजूलाच उभा होतो. तू म्हणालास, 'अधिक बरोबर आहे ना?' पुन्हा तेच! आणि ती म्हणते, 'हो रे बाळा, बरोबर आहे, तू म्हणालास तस्संच आहे.' तीही तुझ्याच बाजूची. मी तिला म्हटलं, 'त्याला सांग, बरोबर आहेस तर अंडी का गार पडतात?' तिने फोनवर सांगितलं, 'बाबा म्हणतात, अंडी फार पडलीत.' तू म्हणालास, 'पडली? फुटली का?' ती म्हणाली, 'हो, उठलेत, इथेच उभे आहेत.' मी डोक्यावर हात मारून घेतला. तुम्हा दोघांना माझी थट्टा करायची असेल तर खुशाल करा, पण अंड्यांवरून करू नका.

मग तुझा सल्ला आला, बंद करून पुन्हा चालू करा. केलं. थोडा वेळ ऊब येते, काटा जागेवर चढतो, मी देवाचं नाव घेतो. मग काटा केसभर खाली सरकतो, आणि जिथे तुझ्या डबीने जोर वाढवायचा तिथेच ती जोर टाकून देते. तापलेली तार काळी पडते. चुलीतला जाळ कमी झाला म्हणून कुणी चुलीवर पाणी ओततं का? तुझी डबी ओतते.

मी तिची वायर उपटली आणि माझं जुनं फिरवायचं बटण लावलं. आता मी पेटीसमोर स्टुलावर बसतो. अंडं पापणीला लावतो, बटण फिरवतो. मी उठलो की आई बसते. तिला पापणीची ऊब कळते, माझ्याहून चांगली कळते, हे तिला सांगू नकोस. पण किती दिवस बसणार? माझं मनगट भरून येतं. बसल्या बसल्या मान पडते. एक डुलकी लागली तर सगळी पेटी गेली.

दिव्यावर धरून काही अंडी पाहिली. ज्यांच्यात लाल शिरांचं जाळं दिसलं ती परत ठेवली. ज्यांच्यात दिसलं नाही त्यांचं तुला सांगून काय उपयोग.

तुला 'ये' असं लिहिणार नाही. बरोबर माणसाला कशाला बोलवायचं?

बाप

शनिवार, ९ तारीख

चिरंजीव,

आरा गिरणीच्या वर जो संगणकाचा क्लास आहे तिथे मी नाव घातलं. हसलास? हास. जिना चढून गेलो तर दारातली पोर म्हणते, 'आजोबा, नातवाला न्यायला आलात का?' म्हटलं, 'नाही, मुलाला हरवायला आलोय.' ती बावरली आणि बाईंना घेऊन आली.

बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. खडू घेऊन फळ्यावर शिकवतात, हे मला आवडलं. मी कागद सोबत नेला होता, वाफेने खाल्लेला. त्या म्हणाल्या, 'कुणी लिहिलाय? फार नीटस आहे. नावं मराठीत ठेवली आहेत, जोर, काटा, ऊब. कुणीतरी समजावं म्हणून लिहिलंय.' मी म्हटलं, 'एक नंबरचा उर्मट माणूस आहे.' त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला.

मग पहिल्याच तासाला आमचं वाजलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'जोर = जोर + १.' मी हात वर केला नाही, सरळ उभा राहिलो. म्हटलं, 'बाई, हे साफ खोटं आहे. कुठलीही वस्तू स्वतःहून एकने जास्त कशी असेल? आमच्या मास्तरांनी हे लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.' वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'आजोबा, शाळेतलं बरोबर वेगळं. इथे बरोबर म्हणजे सारखं नव्हे. इथे बरोबर म्हणजे ठेव. उजवीकडे जे काही निघेल ते डावीकडच्या डब्यात ठेव. डब्यात आधी जे होतं ते जाईल.'

'जाईल म्हणजे? कुठे जाईल?'

'कुठे नाही. पुसलं जाईल.'

मला ते लागलं, आणि का लागलं ते तुला ठाऊक आहे. म्हटलं, 'म्हणजे तुमच्या संगणकाला जुन्याची काही किंमतच नाही.' त्या म्हणाल्या, 'आहे की. म्हणून तर उजवीकडे पुन्हा जोर लिहिलाय. आधी जुना जोर बघ, त्यात एक मिळव, मग ठेव. जुन्याला विचारल्याशिवाय नवं होतच नाही.'

तोवर लाकूड कापायची करवत खाली सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी घरी येऊन आईच्या जागी स्टुलावर बसलो. डोक्यात करवत चालूच होती.

अंडी आहेत. म्हणजे अजून आहेत. झाकण उघडताना मी दर वेळी आधी डोळे मिटतो.

बाप

मंगळवार, १२ तारीख

चिरंजीव,

आज जे घडलं ते मी रागाच्या भरातच लिहितोय, पण राग कुणावर ते मला धड कळत नाहीये, म्हणून तू तो तुझ्यावरच समज.

बाईंनी आज लांब ओळ छोटी करून दाखवली. म्हणाल्या, 'जोर = जोर + १ असं दोनदा जोर लिहायचा कंटाळा येतो, म्हणून दोन खुणा एकत्र करतात.' आणि लिहिलं, 'जोर += १.' मग खाली, 'जोर -= १.' म्हणजे आहे त्यातून एक काढ. मग गुणिलेचंही दाखवलं, *=, आहे त्याची दुप्पट, तिप्पट, जे सांगाल ते. म्हटलं, 'हे मला समजलं. माझी काळजी अशीच चालते. सकाळी असते तिची दुपारी दुप्पट.' आज मात्र बाई हसल्या.

मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, 'बाई, बरोबर आधी लिहिलं तर? =+?' बाई म्हणाल्या, 'चांगलं विचारलंस. संगणक तक्रार करणार नाही, हीच पंचाईत. तो म्हणेल, ठेव, काय ठेव, तर अधिक एक. म्हणजे नुसता एक. आधी डब्यात चाळीस असोत की नव्वद, सगळं पुसून एक.'

काटा खाली आला की तारेचा जोर एकदम पडतो, तो हाच! चाळीसचे एक्केचाळीस व्हायचे तिथे चाळीसचा एक होतो.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. मी विचारलं, 'बाई, ही खूण तोंडाने कशी म्हणायची?' त्या म्हणाल्या, 'प्लस इक्वल.' म्हटलं, 'इंग्रजी न येणाऱ्या माणसाला फोनवर सांगायची झाली तर?' त्यांनी खडू खाली ठेवला.

'सांगेन, अधिक बरोबर.'

मी म्हटलं, 'पुन्हा म्हणा.'

'अधिक बरोबर. आधी अधिक, मग बरोबर. आजोबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?'

मी पाणी प्यायलो नाही. जिना कसा उतरलो आठवत नाही. दहा दिवस, दहा दिवस मी त्या दोन शब्दांवर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आरशात बघून तुझ्याशी भांडलो. गवळ्याला सांगितलं, माझा मुलगा मला तोंडावर म्हणतो की मी अधिक बरोबर. तो बिचारा म्हणाला, 'काय दिवस आलेत.' आता त्याला काय सांगू? की मुलगा गणिताची खूण सांगत होता?

आणि गाढवा, तुला दुसरे शब्द मिळाले नाहीत? 'अधिकची खूण, मग बरोबरची खूण' असं सुटं सुटं सांगायला काय झालं होतं? दात चावून कशाला म्हणायचं?

घरी येऊन डबीचा पडदा पाहिला. वरची ओळ, जोर =+ १. खालची ओळ, जी कागदावर शाबूत होती, जोर -= १. एकीत बरोबर आधी, दुसरीत बरोबर नंतर. इतके दिवस डोळ्यांसमोर होत्या. मी कधी वाचल्याच नाहीत, नुसता शिव्या घालत बसलो.

दोन खुणांची अदलाबदल मी माझ्या बोटाने केली. वायर लावली. काटा खाली आला, आणि तार काळी पडली नाही. हळूहळू लाल झाली. मी स्टुलावर बसून बघत राहिलो.

आईला अजून विचारलेलं नाही. ती झोपली आहे. उद्या विचारतो, आणि चांगलंच विचारतो. तू 'अधिक बरोबर' सांगितलंस तर हिने उलटं का भरलं?

बाप

बुधवार, १३ तारीख

चिरंजीव,

विचारलं.

ती ओट्यापाशी पाठमोरी भाजी चिरत होती. मी दारातून म्हटलं, 'त्या दिवशी ती ओळ तू काय ऐकून भरलीस?' ती बोलली नाही. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहे. म्हटलं, 'अगं, पेटी मारलीस की माझी.' तरी नाही. मग मी चिडून म्हटलं, 'मी घर सोडून चाललो.' सुरी तशीच चालू. एकसारखी, टक टक टक. पातेल्याचं झाकण माझ्या हातून खाली पडलं, तेव्हाही मान वळली नाही.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि सुरी खाली ठेवली. तिला कळलं की मला कळलं.

'कधीपासून?' मी विचारलं. तिने माझ्या ओठांकडे बघून उत्तर दिलं. इतके दिवस ती माझ्या तोंडाकडे बघते ते प्रेमाने, असं मी समजत होतो.

'खूप झालं. एक कान आधी गेला, मग दुसरा जायला लागला. पोरगा इथे असतानाच.'

'सांगितलं का नाहीस?'

तर काय म्हणाली ऐक. म्हणाली, 'तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. जे बोलता ते माझ्यामार्फत बोलता. मला ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर कुणामार्फत बोलला असतात?'

याचं उत्तर तू दे.

ती ओळ तिने ऐकल्याप्रमाणेच भरली. टंकलेखिका मजकुरात डोकं घालत नाही, सांगतील ते उमटवते, हा तिचा जुना शिरस्ता. तू म्हणालास, 'अधिक बरोबर.' तिला ऐकू आलं, 'आधी बरोबर.' म्हणून तिने आधी बरोबर टाकलं, मग अधिक. तू दुसऱ्यांदा ओरडून सांगितलंस, तिला दुसऱ्यांदाही 'आधी बरोबर'च ऐकू आलं. मागच्या आठवड्यात तू फोनवर खात्री केलीस, तिने खात्री दिली. एक शब्द, मला टोमणा म्हणून पोचला आणि तिला उलटा पोचला. तू मात्र तिकडे शहाण्यासारखा निश्चिंत.

मला इतका संताप आला आहे की कागदाला भोक पडेल. माझ्यावर, तुझ्यावर, दोघांवर. दोन धडधाकट पुरुष, घसा शाबूत असलेले, आणि एका बहिऱ्या बाईला मध्ये उभी करून भांडत होतो. तिने आपल्याला जे जे सांगितलं त्यातलं खरं किती, कुणाला माहीत? तुला मी तिच्यामार्फत सांगितलं होतं, 'जमेल तेव्हा ये.' तुला काय पोचलं? तू आलाच नाहीस. 'नको येऊ' असं तर पोचलं नाही?

उद्या तिला कानाच्या डॉक्टरकडे नेतो. नको म्हणते. मला चांगलं ऐकू येतं, ती नको म्हणते ते.

बाप

रविवार, २४ तारीख

चिरंजीव,

शुक्रवारी काहीच झालं नाही. अंडी फुटायचा दिवस शुक्रवार. पेटी मुकी. शनिवारीही मुकी. मी आईला ओरडून सांगितलं, 'संपलं सगळं.' तिने अंडं उचललं आणि गालाला लावून बसली. ऐकू येत नाही त्या बाईला कवचातली टकटक गालाने कळली! म्हणाली, 'आहे. आत कुणीतरी भयंकर चिडलंय.'

गार पडलेली पेटी उशिरा फुटते, हे मला माहीत असायला हवं होतं. काळजीत विसरलो. आज पहाटेपासून फुटताहेत. सगळी नाही. बरीच काळी पडलेली अंडी मी बाजूला काढली आहेत, त्यांचा राग मी विसरणार नाही. पण जी आली आहेत ती एवढा गोंगाट करताहेत की मलाही काही ऐकू येत नाही. आई तेवढी शांत बसली आहे पेटीपाशी. कानात नवं यंत्र आहे, पण अजून बंद ठेवते, म्हणते सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं. पिल्लांसाठी मघाशी चालू केलं. मग रडली. मग बंद केलं.

डबी चालू आहे. मीही स्टुलावर आहे. दोघांनी मिळून पाहिलं, दोघांची भांडणं झाली नाहीत. काटा केसभर हलला की ती एक एक वाढवते आणि मी अंडं पापणीला लावून तिची परीक्षा घेतो. आतापर्यंत पास आहे.

आता मुद्द्याचं. या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, पिल्लं हे निमित्त.

तू गेलास त्या दिवशी फाटकाजवळ आईला जो निरोप दिलास, तो मला तिच्याकडून कळला. तिचे कान तेव्हाच गेलेले होते. काल मी तिला समोर बसवून विचारलं, नक्की काय म्हणाला होता? ती म्हणाली, 'मला आराम ऐकू आलं. पुढचं बोलताना त्याने बॅग उचलायला तोंड वळवलं.'

म्हणून तुला विचारतो. 'बाबांना आता आराम करू दे' म्हणाला होतास? की 'बाबांना आता आरामात करू दे'?

पहिलं असेल तर तू मला पुसलंस. दुसरं असेल तर माझं काम माझ्याकडेच ठेवून नुसती त्यात डबी मिळवलीस, आणि मी इतके महिने एका 'त' साठी तुझं तोंड बघितलं नाही.

उत्तर आईकडे देऊ नकोस. पत्रातही नको, पत्रात तू विचार करून लिहिशील. इथे ये आणि माझ्यासमोर उभं राहून सांग. पहिलं असेल तरी ये. मी ओरडेन, तू 'बाबा, ओरडू नका' म्हण, मी आणखी ओरडेन. आई यंत्र चालू ठेवणार आहे, एकेक शब्द ऐकणार आहे, तिने बजावलंय.

राग आहे तेवढा घेऊन ये. माझाही इथे आहे तेवढाच आहे, त्यातला एकही मी काढलेला नाही.

पिल्लं पाच-सहा दिवसांत गिऱ्हाइकाकडे जातील. त्याआधी ये.

वाट पाहणारा,
तुझा बाप